माहेरी थांबणारा खोकला

कोपरखैरणे,
रविवार, २३ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. वैदेहीस,

आशीर्वाद. मनात नाहीत, पण रीत म्हणून लिहिते आहे.

तुझं पत्र काल आलं. वाचलं आणि मी होते तिथेच बसून राहिले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली सून लेक पाच महिन्यांची झाली तरी परत यायचं नाव काढत नाही, आणि वर लिहिते काय, तर "इथे माझा खोकला पूर्ण थांबलाय, म्हणून आणखी थोडे दिवस राहते." ही ओळ मी तुझ्या सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "थांबला ना? मग चांगलंच की." त्यांच्याशी बोलण्यात काही अर्थ नाही.

अगं, खोकला म्हणजे काय पाळीव मांजर आहे, देवरुखच्या स्टँडवर उतरलं की पिशवीतून उडी मारून पळून जायला? इथे होतीस तेव्हा रात्रंदिवस ढास. उशा लावून बसायचीस, वरदच्या झोपेचं खोबरं करायचीस. दोनदा थुंकी तपासली, फोटो काढला, क्षय नाही म्हणाले. मग आहे काय? आणि आईच्या हातचा भात पोटात गेला की आठ दिवसांत ठणठणीत! हे कळायला मला डॉक्टर लागत नाही. मीही कुणाची तरी सून होते.

हवेला नावं ठेवू नकोस. गिरगावातली चाळ सोडून आम्ही इथे आलो ते हवेसाठीच. तिसऱ्या मजल्यावर दोन्हीकडे खिडक्या आहेत, समोर इमारत नाही. संध्याकाळी कारखान्यांकडून तो कुजलेल्या कोबीसारखा वास येतो हे खरं, पण तेव्हा मी खिडक्या लावून घेते, धूप घालते, डासांची कॉइल लावते. काही कळत नाही मग.

मला विचारलंस म्हणून सांगते, माझी तब्येत उत्तम आहे. सकाळी घसा साफ करायला थोडा वेळ लागतो, तेवढं या वयात सगळ्यांनाच लागतं. आणि वरदनं तुला कळवलं असेल की आई जिन्यात थांबते, तर मी दुसऱ्या मजल्यावर मुक्ताबाईशी बोलायला थांबते. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही.

संक्रांतीला प्रियदर्शिनीचं बोरन्हाण आपल्या घरी व्हायचं आहे. पहिली संक्रांत आहे तिची. हलव्याचे दागिने मी स्वतः करणार, विकतचे नाहीत. बारशाला पाहिली तेवढीच मी तिला. तिचा तो हसताना एका गालावर पडणारा खड्डा अजून आहे की गेला, हेसुद्धा मला माहीत नाही.

लवकर ये.

वैजयंती


कोपरखैरणे,
बुधवार, १० डिसेंबर १९९७

चि. सौ. वैदेहीस,

तू आता दम्याचा पंप ओढतेस हे वाचून माझे डोळे पांढरे झाले. सव्वीस वर्षांची पोर तू! पंप लागला म्हणजे माणूस संपला, असं आमच्या चाळीत म्हणायचे आणि आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं आहे. शिवाय त्याची सवय लागते. अंगावर पिणारं मूल आहे तुझं. तुमच्या त्या देवरुखच्या डॉक्टरला हे कळत नाही? फेकून दे तो. आणि इथे आल्यावर माणसांसमोर तर काढूच नकोस. बोरन्हाणाला सगळी सोसायटी येणार आहे, त्यांच्यासमोर सून नळी तोंडात घालून बसलेली मला चालणार नाही.

दुसरी गोष्ट. वरद बँकेत रत्नागिरीला बदलीचा अर्ज करायचं म्हणतो. हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते मला सांगायला नको. मी त्याला बजावलं आहे, एकुलता एक मुलगा आई-बाप सोडून सासुरवाडीच्या तालुक्यात जाऊन राहणार नाही. तो जेवणाचं ताट अर्धं टाकून उठला.

म्हणून आता स्पष्ट लिहिते. संक्रांतीच्या आत आलीस तर घर तुझं आहे. नाही आलीस तर मी परत बोलावणार नाही आणि वरदलाही न्यायला पाठवणार नाही. मग खुशाल राहा तिथे, खोकल्याशिवाय.

मी हलवा करायला घेतला आहे. कोळशाची शेगडी स्वयंपाकघरात मांडली आहे. वरद म्हणतो गॅसवर कर, पण गॅसवर काटा येत नाही. मंद निखाऱ्यावर परात ठेवायची, चमचा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत बसायचं. वाऱ्यानं निखारा फुलतो म्हणून खिडकी बंद ठेवावी लागते. दुपारभर वाकून बसलं की छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं होतं, पण नातीसाठी करताना एवढं चालायचंच.

सेक्रेटरी बंडू येत्या एकवीस तारखेला सोसायटीच्या हॉलमध्ये कसलंसं छातीचं शिबिर घेतो आहे. चहाची जबाबदारी महिला मंडळाकडे, म्हणजे माझ्याकडे. दिघ्याकडची कामगार मंडळी येतील, त्यांना बिचाऱ्यांना उपयोग होईल.

वैजयंती


कोपरखैरणे,
रविवार, २१ डिसेंबर १९९७

वैदेही,

तू अकरा जानेवारीला यायला तयार झालीस हे वरदनं काल सांगितलं. मला आनंद झाला होता. ते पत्र वेगळं लिहिणार होते. पण आज जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तुझे सासरे ऐकून घेत नाहीत, वरदला सांगायचा धीर होत नाही. राहिलीस तूच.

ते शिबिर आज झालं. हॉस्पिटलमधून एक डॉक्टरीणबाई आली होती, तुझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल. तिच्याजवळ एक पांढरी नळी, तिच्यावर सरकणारा काटा. छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोरात एकच फुंकर मारायची. काटा जितका पुढे जाईल तितकी छाती चांगली. दिघ्याची माणसं यायला उशीर झाला. तोवर बंडू म्हणाला, "चला, आपलीच टीम ओपनिंगला जाऊ." मग काय, लग्नाच्या पंगतीसारखी रांग लागली. हसणं, टाळ्या, "काय पाटील, वहिनींसमोर आवाज निघत नाही तशी फुंकरपण निघत नाही का?" असली चेष्टा.

मुक्ताबाईचे यजमान सयाजीराव रांगेत पुढे होते. तू ओळखतेस त्यांना, मसाला मार्केटात मिरचीची पोती वाहतात, दंड बघितला की लहान मुलं लपतात. विडीला कधी शिवले नाहीत. त्यांनी फुंकर मारली आणि काटा जागचा जेमतेम हलला. सगळे हसले. त्यांनी पुन्हा मारली. मग तिसऱ्यांदा. तेव्हा कुणी हसलं नाही.

त्यानंतर एकेक जण. बँकवाले, शाळेतल्या बाई, तळमजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर. वैदेही, तिघांतला एक तरी कमी पडत होता. मी चहा वाटता वाटता बघत होते आणि मला वाटत होतं, नळीच बिघडली असणार. बंडूनं ते बोलूनही दाखवलं. बाईनं दुसरी नळी काढली. तिच्यातही तेच. दम्याची माणसं होती, आणि काहींना त्याहून वाईट, छाती आतून कायमची आखडत जाते तसलं काहीतरी. एकालाही आपण आजारी आहोत हे माहीत नव्हतं! ती म्हणाली, "शहरात हे घरोघरी आहे. पण लोक खोकल्याला आजार म्हणतच नाहीत. वय झालं म्हणतात, हवामान म्हणतात."

मग तिनं सगळ्यांना एक प्रश्न विचारला. "सुट्टीत गावाला गेल्यावर ज्यांचा खोकला कमी होतो त्यांनी हात वर करा."

पहिल्यांदा हशा पिकला. मग हात वर यायला लागले. मुक्ताबाई तर उभीच राहिली. "आवो ताई, आमचं मालक साताऱ्याला गेलं की दोन दिसात खोकला पळतोय बगा! मी म्हनत हुते, गावच्या पान्याचा गुन हाय." तिच्या मागे आणखी हात. अर्धा हॉल हात वर करून उभा होता.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता म्हणून मला हात वर करता आला नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "पाण्याचा गुण नाही, हवेचा. ज्या हवेनं छाती बिघडते त्या हवेतून माणूस बाहेर पडलं की बरं वाटतं. म्हणून तर मी हा प्रश्न आधी विचारते. आजार ओळखायची ही खूण आहे."

माझ्या हातून दोन कप खाली पडले. बंडूला वाटलं ट्रे जड झाला, तो धावत आला, "काकू, टेन्शन घेऊ नका, मी धरतो." मला काय झालं हे मी कुणाला सांगणार होते? पाच महिने ज्या गोष्टीला मी नाटक म्हणत होते, ज्यावरून तुझ्या आईला फोनवर नको ते बोलले, ती गोष्ट ही मुलगी सगळ्यांसमोर आजाराची खूण म्हणून सांगत होती. अंगावर कुणी गार पाणी ओतावं तशी मी उभी होते.

मला नळी फुंकायला लावली का, हे तू विचारशील. लावली. जाऊ दे ते. मला तंत्र जमलं नसेल. मंगळवारी हॉस्पिटलात बोलावलं आहे.

प्रियदर्शिनीला थंडीचं टोपडं घालतेस ना?

वैजयंती


कोपरखैरणे,
रविवार, २८ डिसेंबर १९९७

वैदेही बाळ,

तुझं उत्तर आलं. त्यात तू मला एका शब्दानंही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. मी उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते.

हॉस्पिटलात वरद आला होता बरोबर. तिथे मोठं यंत्र आहे. नाकाला चिमटा लावतात आणि तोंडात नळी देऊन फुंकायला सांगतात. आधी फुंकलं. मग त्यांनी मला पंप दिला. हो, पंपच. मी म्हटलं, "अहो, मी घेणार नाही, सवय लागते." तर ती डॉक्टरीणबाई हसली. म्हणाली, "चष्म्याची सवय लागते का हो? डोळे अधू झाले म्हणून लावतो आपण तो." घेतला मग. थोडा वेळ बाकावर बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. दम्याच्या माणसाचं पंप घेतल्यावर सुधारतं म्हणे. माझं जसंच्या तसं राहिलं.

याचा अर्थ काय, हे मी तिला विचारलं. ती फिरवून बोलणारी नाही. म्हणाली, "आजी, जे गेलं ते परत येणार नाही. उरलेलं सांभाळायचं."

मी आयुष्यात विडी-सिगारेटचा धूर तोंडाने आत घेतला नाही. आमच्या घरात कुणी ओढत नाही. मी तिला तसं ठणकावून सांगितलं. तेव्हा तिनं एकेक विचारायला सुरुवात केली. लहानपणी चूल होती? होती. चाळीत रॉकेलचा स्टोव्ह? वर्षानुवर्षं, एका खोलीत, दार लावून. आता घर कुठे? खिडकी कारखान्यांकडे? धूप? कॉइल? आणि मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, सध्या कोळशाची शेगडी लावून हलवा करते आहे. वरद मान खाली घालून बसला होता. मी जन्मभर जे जे संसारासाठी केलं ते ते ती नुसतं विचारत होती, दोष देत नव्हती, आणि मला दर प्रश्नाला हादरा बसत होता. कुणी माझ्या घरी चोरी केली असती तरी मी एवढी हबकले नसते.

नंतर तिनं विचारलं, घरात लहान मूल आहे का? मी म्हटलं, "येणार आहे ना! संक्रांतीला नात येते माझी." कसं ते ठाऊक नाही, पण सांगताना मला हसू आलं. तिनं तुझी चौकशी केली. खोकला कधी सुरू झाला, कधी थांबला, पंप घेतल्यावर बरं वाटतं का. वरदनं सगळं सांगितलं. त्याला सगळं पाठ होतं, मला काहीच ठाऊक नव्हतं.

ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "तुमच्या सुनेचं अजून परत फिरण्यासारखं आहे. तिथे ती पंप घेते, बरी राहते, ते मोडू नका. आईला दमा आहे म्हणजे बाळाची छातीही नाजूक असू शकते. निदान वर्ष-दोन वर्षं जपा. पुढे तुमचं तुम्ही ठरवा."

निघताना तिनं मलाही रोजचा पंप लिहून दिला. पंप मी तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. मुक्ताबाई साखर मागायला येते ना, तिला दिसायला नको. पण कालची गंमत ऐक. जिन्यात तिनंच मला गाठलं, पदराखालून सयाजीरावांचा पंप काढला आणि म्हणाली, "वैनी, ह्यो कसा वडायचा वो? मालक लाजत्यात, आनि मला वाचता येत न्हाई." मी तिला दाखवला. दोघी जिन्याचं दार लावून चोरासारख्या उभ्या होतो. मग तिला म्हटलं, थांब, मी माझा आणते.

बंडूनं सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की शिबिराचं बाहेर बोलायचं नाही, फ्लॅटचे भाव पडतील. गंमत म्हणजे त्याची स्वतःची फुंकरही कमी आली होती. तुझे सासरे अजून तपासायला तयार नाहीत. "मला काय धाड भरलीय?" म्हणतात आणि बाथरूममध्ये नळ सोडून खोकतात. या घरात इतकी वर्षं मी तो आवाज ऐकते आहे आणि मला तो भांड्यांच्या आवाजासारखा वाटत होता. आता प्रत्येक जिन्यावर, प्रत्येक दाराआड मला खोकला ऐकू येतो. संध्याकाळी गॅलरीत उभी राहिले की शेजारच्या इमारतीतूनही येतो. मला भीती वाटते गं.

अकरा तारखेचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. मला चार दिवस दे.

वैजयंती


कोपरखैरणे,
रविवार, ४ जानेवारी १९९८

चि. सौ. वैदेहीस,

अनेक आशीर्वाद. या वेळी मनापासून.

चार दिवस मी स्वतःशी भांडले. पहिल्या दिवशी ठरवलं, तू ये, मी खिडक्या बंद ठेवीन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडक्या बंद करून बसले, धूप नाही, कॉइल नाही, शेगडी नाही. तरी तो वास आत आलाच. दारांच्या फटीतून आला. मी फटींना ओले टॉवेल लावले. तुझे सासरे म्हणाले, "काय, पूर येणार आहे का?" मग मलाच माझं हसू आलं आणि पाठोपाठ रडू आलं. सात महिन्यांच्या पोरीला मी कुठल्या टॉवेलांनी वाचवणार आहे?

तिसऱ्या दिवशी वाटलं, बोरन्हाणापुरती चारच दिवस ये. वरदला तसं म्हणाले. तो म्हणाला, "आई, गेल्या वर्षी ज्या रात्री धाप लागली म्हणून तिला उचलून दवाखान्यात नेलं, ती तिची इथली चौथी रात्र होती, माहेरून आल्यानंतरची." मला हे आठवतच नव्हतं. मला त्या रात्रीचं एवढंच आठवत होतं की दुसऱ्या दिवशी माझ्या भिशीला बायका यायच्या होत्या आणि सून झोपून होती.

तेव्हा आता नीट वाच. तू येऊ नकोस. अकरा तारखेलाही नाही आणि नंतरही नाही, ती डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत. पंप दोन्ही वेळा घे, माणसांसमोर घे, माझ्या विहिणीसमोर तर मुद्दाम घे. त्यांना सांग, वैजयंतीबाईही घेतात. लेकीला चुलीपाशी नेऊ नकोस, तुमच्याकडे आंघोळीचं पाणी लाकडावर तापतं ते मला माहीत आहे. ती जरा जरी घरघरली तरी तुझ्या आईचं ऐकू नकोस, माझंही ऐकू नकोस, सरळ डॉक्टरकडे ने. बोरन्हाण तुझ्या आईनं करावं. मी सामान पाठवत नाही. या घरातला हलवा पोरीच्या अंगाला लावायचा मला धीर होत नाही.

वरदनं काल बदलीचा अर्ज केला. मी त्याला केव्हाच नाही म्हटलं होतं, म्हणून तो माझ्यासमोर घेऊन आला. मी वाचला आणि म्हटलं, टाक. तो लहान मुलासारखा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला.

आम्ही दोघं इथेच राहणार. तुझे सासरे हे घर सोडणार नाहीत, आणि मी त्यांना सोडणार नाही. आमचं जे व्हायचं ते आत होऊन गेलेलं आहे. खूप भेटावंसं वाटलं तर मीच येईन देवरुखला, बरी असेन तर. तिथे दोन दिवसांत माझाही खोकला जाईल, तेव्हा मात्र मला नाटकी म्हणायचं नाही.

सोसायटीत विचारतात, सून कधी येणार? काल भिशीत सगळ्यांसमोर सांगितलं, मीच नको म्हटलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बघू देत.

शेवटचं एक. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. हे सगळं आज लिहिते आहे कारण आज मी घाबरलेली आहे. महिन्या-दोन महिन्यांत भीती ओसरेल, घर खायला उठेल, आणि मी पुन्हा तुला तडकून पत्र लिहीन की पुरे झालं माहेरपण, माझी नात घेऊन ताबडतोब ये. रडेन, शिव्या देईन, आजारपण सांगेन, मरायला टेकले म्हणूनही लिहीन.

तेव्हाही येऊ नकोस.

तुझी,
वैजयंती